पालथा साचा

शिबिराहून परत आला त्याच दिवशी स्टॉपरने पहिला प्रयोग सख्ख्या भावावर केला, आणि तो चांगलाच अंगाशी आला.

शिबिर तीन दिवसांचं होतं. शहरातल्या क्रीडा कार्यालयाने गावोगावच्या फुटबॉल कोचना बोलावून खेळाडूंच्या मनाची काळजी कशी घ्यायची ते शिकवलं होतं. शिकवणाऱ्या बाई आवाजाने बारीक, पण पक्क्या. विचारा, म्हणाल्या. विचारल्याशिवाय माणूस बोलत नाही. बोलायला लागला की सल्ला देत सुटू नका. तो जे बोलला तेच त्याला परत म्हणून दाखवा, म्हणजे कुणीतरी ऐकतंय हे त्याला कळतं. स्टॉपरने हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. अठरा वर्षं तो शहरातल्या संघांकडून बचावाच्या मधोमध खेळला होता. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता कागदोपत्रीच उरलं होतं, घरीदारी सगळे त्याला स्टॉपरच म्हणत. गुडघा गेला म्हणून तीन वर्षांपूर्वी खेळ सुटला, तसा तो थोरल्या भावाच्या वीटभट्टीवर परतला आणि भट्टीवरच्या माणसांचा संघ करून संध्याकाळी त्यांना शिकवू लागला.

एसटी नाही की रिक्षा नाही, पिशवी खांद्यावर टाकून तो चालतच भट्टीवर पोचला, तर दादा थापणीच्या जागेवर कमरेवर हात ठेवून उभा. तीन दिवसांत अवेळी पाऊस येऊन गेला होता. वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या रांगा बसल्या होत्या. कडा गेल्या, कोपरे गेले, जागोजागी नुसते मातीचे उंचवटे राहिले होते.

"सगळ्याची माती झाली," दादा म्हणाला.

स्टॉपरने पिशवी खाली ठेवली. बाईंचं वाक्य त्याला आठवलं. "म्हणजे तू म्हणतोस की सगळ्याची माती झाली."

दादाने मान वळवली. "मी म्हणतो ते मलाच कशाला सांगतोस?"

"तुला राग आलाय असं मला वाटतं."

"आला नव्हता. आता यायला लागलाय."

पलीकडे फाटकी ताडपत्री घडी करत असलेल्या वहिनीने तोंडाला पदर लावला. दादा तरातरा चिखलाच्या खड्ड्याकडे निघून गेला. स्टॉपर तिथेच उभा राहिला. आपण बरोबर केलं की चूक, हे त्याला समजेना. वहीप्रमाणे तर सगळं बरोबर होतं.

खरा पावसाळा यायला महिना उरला होता. तेवढ्यात पुन्हा सगळ्या विटा थापायच्या, वाळवायच्या आणि भट्टी लावायची. थापणीची जागा अजून ओली होती. उंचावरची, कोरडी, सपाट अशी एकच जमीन होती, ती म्हणजे संघाचं मैदान. दादाने दुसऱ्या दिवशी सकाळी गोलच्या दोन्ही बांबूंना दोरी बांधली आणि सरळ रांगा आखल्या. स्टॉपरला विचारलंसुद्धा नाही. जमीन घरची होती, त्यामुळे विचारण्याचा प्रश्नही नव्हता. पण त्याला लागलं. महिन्यावर सामना होता. त्याने शिट्टी खिशात ठेवली आणि फावडं घेतलं.

भट्टीवर त्याला खाली बसायचं काम कुणी देत नसे. थापणारे दिवसभर उकिडवे बसत. गुडघा गेलेल्या माणसाला ते कसं जमणार? म्हणून तो खड्ड्यात पाणी सोडायचा, वाळू चाळून द्यायचा, वाळलेल्या विटांची थप्पी लावायचा. थोडा लंगडत असे, पण कामाला ना नसे. सगळे त्याला सांभाळून घेत. एवढा नावाजलेला माणूस आपल्यात येऊन वाळू चाळतो, याचं त्यांना कौतुक होतं असं त्याला वाटे.

थापणाऱ्यांत सगळ्यात जलद हात डावखुऱ्याचा. तो डाव्या हाताने चिखलाचा गोळा उचलायचा, वाळूत लोळवायचा आणि साच्यात असा आपटायचा की चारही कोपरे एकदम भरत. वरचा चिखल बोटाने निपटून साचा उलटा केला की खाली वीट सुटे, नाकीडोळी नीटस. संघातही तो डाव्या बाजूला खेळे. तो आणि स्टॉपर एका वयाचे, एकाच शाळेत मार खाल्लेले. स्टॉपर शहरात गेला आणि डावखुरा राहिला, एवढाच फरक.

या भट्टीवर एक रीत होती, वडिलांच्या वेळेपासूनची. ज्या दिवशी कुणाचं मन ठिकाणावर नसेल, त्याने सकाळी आपल्या जागेवर साचा पालथा ठेवायचा. मग त्याला कुणी काही विचारायचं नाही. चिखल त्याच्या पुढ्यात टाकायचा नाही, शेजारच्याला द्यायचा. त्याने नुसतं बसावं, वाटलं तर पाणी वाहावं. संध्याकाळपर्यंत किंवा फार तर दुसऱ्या दिवशी साचा सुलटा होई आणि गोष्ट संपे. कुणाचा बाप गेलेला असे, कुणाचं बायकोशी वाजलेलं असे, कुणाला स्वतःलाच माहीत नसे.

डावखुऱ्याचा साचा तीन दिवस पालथा होता.

रीत स्टॉपरला माहीत नव्हती असं मुळीच नाही. लहानपणी पालथ्या साच्याला हात लावला म्हणून वडिलांनी त्याच्या कानाखाली वाजवली होती. पण आता त्याच्या वहीत लिहिलेलं होतं: विचारा. आणि त्याखाली दोन रेघा होत्या. चौथ्या दिवशी सकाळीही साचा पालथा दिसला तेव्हा त्याला राहवेना. शिबिरात मिळालेला बिल्ला त्याने शर्टाला लावला, लंगडत रांगेतून गेला आणि डावखुऱ्याच्या पुढ्यात उभा राहिला. गुडघ्यामुळे खाली बसता येत नव्हतं, त्यामुळे हवालदार उभा राहतो तसा उभा राहिला.

"कसं वाटतंय तुला?"

दोन्ही बाजूंचे हात थांबले. साच्यात आपटणाऱ्या चिखलाचा आवाज बंद झाला. डावखुऱ्याने वर पाहिलं नाही. तो बोटांच्या पेरांतला सुका चिखल सोलत होता.

स्टॉपरने बाईंनी सांगितल्याप्रमाणे मनात दहा आकडे मोजले. मग म्हणाला, "म्हणजे तू म्हणतोस की तुला बोलायचं नाहीये."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. डावखुऱ्याचे कान लाल झाले. तो उठला, बादलीत कोपरापर्यंत हात धुतले, पालथा साचा उचलला, काखेत मारला आणि रांगांमधून पायवाटेला लागला. त्याने घाई केली नाही. वाटेत कुणाच्या विटेवर पाय पडू दिला नाही.

साचा घेऊन जाणं म्हणजे भट्टी सोडणं. आजवर कुणी असा गेला नव्हता.

दादा खड्ड्यातून वर आला. मांडीपर्यंत चिखलात, हातात फावडं. तो ओरडेल असं स्टॉपरला वाटलं, पण तो हळूच बोलला, आणि ते जास्त लागलं.

"गेला?"

"मी फक्त विचारलं, दादा."

"ते दिसलं. बिल्ला काढ आणि त्याच्या जागेवर बस. त्याच्या वाटच्या विटा कोण थापणार?"

वहिनीने घरातून एक जुना साचा आणून दिला. वडिलांचा होता, कडांना पत्रा ठोकलेला. स्टॉपर बसला. पहिल्या चार विटा पाहून शेजारची म्हातारी थापणारी म्हणाली, "यांना घरी नेऊ नका हो, पोरं घाबरून रडतील," आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवून गोळा कसा गोल करायचा ते दाखवलं. चिखल थंड होता आणि जड. वाळू नखांत जाई. साचा उलटा करताना मनगट जरा कचरलं की वीट वाकडी होई, आणि वाकडी वीट परत खड्ड्यात. तो इरेला पेटला. ऊन पाठीवर आलं, मानेवरून उतरलं, कमरेत कळा आल्या, तरी तो उकिडवा सरकत सरकत पुढे जात राहिला. सातवी रांग संपली तेव्हा त्याच्या विटांना कोपरे आले होते आणि त्याला अठरा वर्षांत वाटला नव्हता इतका आनंद झाला. त्याच भरात त्याला डावखुरा आठवला आणि आनंद ओसरला.

"भाऊजी," वहिनी चहाची किटली घेऊन समोर उभी होती. "गुडघा?"

तिने एवढंच म्हटलं. चार तास तो उकिडवा बसला होता. एकदाही त्याने पाय लांब केला नव्हता.

तो ताडकन उठला. "दुखतोय ना," म्हणाला, "सवय नाही राहिली." आणि चार पावलं लंगडत जाऊन कप घेतला.

कुणी हसलं नाही. सकाळी फिसकन हसणारासुद्धा खाली मान घालून वाळू पसरत राहिला. सगळी रांग एकदम फार मन लावून काम करायला लागली. दादा कपात बघत होता.

"काल डावा होता," दादा म्हणाला.

स्टॉपरने खाली पाहिलं. तो उजव्या पायाने लंगडत होता.

दोघे भाऊ पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहिले. टाकीच्या तोटीतून थेंब थेंब पाणी पडत होतं. दादाने ती दोनदा आवळली, तरी पडत राहिलं.

"कधीपासून माहीत आहे?" स्टॉपरने विचारलं.

"आलास त्या आठवड्यापासून. सकाळी डावा, जेवून उठलास की उजवा. एकदा फुटबॉल वहाळात जात होता, तेव्हा तर कुठलाच नाही. धावलास."

"वहिनींना?"

"तिनेच तर मला दाखवलं."

"आणि यांना?" त्याने मैदानाकडे हात केला.

दादा पुन्हा तोटी आवळू लागला. म्हणजे सगळ्यांना. तीन वर्षं सगळी भट्टी त्याला खाली बसायचं काम न देता, हातात चाळण देऊन, त्याच्या गुडघ्याची चौकशी करत होती. कुणी तेल सुचवलं होतं, कुणी शेक. त्याच्या अंगाची लाहीलाही झाली. आपण यांना शिकवत होतो! यांची मनं सांभाळायला बिल्ला लावून आलो होतो!

"तीन वर्षं, दादा. विचारलं का नाहीस मला?"

"तुझा साचा पालथा होता."

"माझ्याकडे साचाच नव्हता!"

"तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

कळत होतं आणि कळत नव्हतं. राग यावा की बरं वाटावं हेच त्याला ठरवता येईना. न विचारता या माणसांनी त्याला जपलं होतं. आणि न विचारता तीन वर्षं एकटंही ठेवलं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि वहीत यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"मी दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो होतो," दादा तोटीकडे बघत म्हणाला. "मग वाटलं, काय विचारू? येत नाही मला ते. विचारायला हवं होतं का?"

"माहीत नाही."

"मग त्या बाईंनी तीन दिवस शिकवलं काय?" दादा वैतागून म्हणाला. मग त्याने चेहऱ्यावरून ओला हात फिरवला. "त्याला आण बाबा. विटांचं मी बघतो. पण चार दिवस झाले त्याला, आणि घरी एकटा बसला तर बरं नाही. मला त्याची भीती वाटते."

भीती स्टॉपरलाही वाटत होती. तो निघाला. पायवाटेवर दहा पावलं लंगडला, आणि मग कुणासाठी, असं मनात येऊन थांबला. पुढची वाट तो सरळ चालला. सरळ चालताना त्याला उघडं पडल्यासारखं वाटत होतं.

डावखुऱ्याचं घर कालव्याच्या कडेला, दोन खोल्यांचं. बायको दारातच शेंगा सोलत बसली होती. तिने त्याला पाहून सूप बाजूला ठेवलं.

"मागे बसलेत," ती म्हणाली. "कालपासून अन्नाला शिवले नाहीत. भाऊ, तुम्ही त्यांना ओरडा, समजवा, काय वाटेल ते करा. मी विचारलं तर म्हणतात काही नाही. काही नाही म्हणून कुणी असं भिंतीकडे बघत बसतं का?" तिचे डोळे भरून आले आणि तिने रागाने ते पुसले.

घरामागे डावखुरा पायरीवर बसला होता. मांडीवर साचा. साच्याच्या कोपऱ्यातला वाळलेला चिखल तो खिळ्याने खरवडत होता. कोपरा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी खरवडत होता.

स्टॉपर त्याच्या शेजारी खाली बसला, उकिडवा. डावखुऱ्याची नजर त्याच्या गुडघ्यावर गेली आणि परत साच्यावर आली.

"विचारायला आलो नाही," स्टॉपर म्हणाला. "सकाळी चुकलो. सगळ्यांसमोर चुकलो."

खिळा चालूच.

"गुडघ्याला काही झालेलं नव्हतं." हे वाक्य बाहेर पडलं आणि पुढची आपोआप आली, वेडीवाकडी. "शेवटच्या हंगामात एका सामन्याला आम्ही बूट घालून रांगेत उभे होतो. बाहेर आवाज चाललेला. सगळे मैदानात गेले आणि माझे पाय निघेनात. दुखत नव्हते, नुसते निघत नव्हते. छाती अशी धडधडायला लागली की वाटलं मेलो. मी जाऊन संडासात बसलो, कडी लावून. आमचा कोच दार ठोकत होता. शेवटी त्यानेच पट्टी आणली, गुडघ्याला बर्फ बांधला आणि बाहेर जाऊन सांगितलं, गुडघा गेला. भला माणूस. त्याला वाटलं आपण याची अब्रू वाचवली. नंतर पुन्हा दोनदा तसंच झालं. मग मी गुडघाच धरून बसलो. लोक गुडघ्याबद्दल विचारतात ना, त्याला उत्तर देता येतं."

तो थांबला. कालव्यात कुणाची तरी म्हैस डुंबत होती.

"कुठला पाय ते ठरवायचं मात्र राहून गेलं," तो म्हणाला.

डावखुऱ्याने खिळा खाली ठेवला. घसा साफ केला. चार दिवसांत त्याचा आवाज गंजला होता.

"म्हणजे तू म्हणतोस," तो म्हणाला, "की गुडघ्याला काही झालेलं नव्हतं."

स्टॉपर त्याच्याकडे बघत राहिला. हा चेष्टा करतोय का, हे काही केल्या समजेना. डावखुऱ्यालाही ते समजत नसावं. पण स्टॉपरच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि थांबेना, आणि त्याच वेळी त्याला हसूही आलं. बाईंचं वाक्य समोरून आलं की असं लागतं तर!

"माझं तसलं काही नाही," मांडीवरचा साचा फिरवत डावखुरा म्हणाला. "कुणी वारलं नाही. भांडण नाही. पाऊस पडला म्हणूनही नाही, विटा तर दरवर्षी थोड्या जातात. सकाळी साचा हातात घेतला आणि जड लागला. नुसता साचा, रिकामा. मग घास जड लागला. मग बायकोशी बोलणं जड लागलं. कारण असतं तर सांगितलं असतं रे. लोक न विचारता उद्या सुलटा होईल म्हणून वाट बघतात, आणि तो होत नाही. तू विचारलंस तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि कुणी विचारलंच नसतं, तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"तर काय?"

"माहीत नाही. तेपण नको वाटतं."

सल्ला देऊ नका, असं वहीत होतं. स्टॉपरने तरी दिला. "त्या बाई म्हणाल्या, फार दिवस असं राहिलं तर त्यांच्याकडे माणसाला आणा. त्या डॉक्टरकडे नेतात. खऱ्या."

"तू गेलास?"

"नाही."

"मग मला कशाला पाठवतोस?"

"दोघं जाऊ. गुरुवारी."

डावखुऱ्याने विचार केला. "भट्टीवर काय सांगायचं?"

"गुडघा दाखवायला जातोय म्हणू."

"कुणाचा?"

"माझा."

"कुठला?"

आणि मग दोघांनाही हसू फुटलं. डावखुऱ्याचं हसणं थोडंच होतं, खोकल्यासारखं, लगेच विझलं. पण दारात बायको येऊन उभी राहिली आणि आत जाऊन तिने ताट वाढलं. त्याने अर्धं खाल्लं. अर्धं तसंच राहिलं. स्टॉपर उठला तेव्हा उद्या येशील का हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारावं की नाही ते न कळून तो तसाच निघाला.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी मैदानावर गेला. रांगा बऱ्यापैकी वाळल्या होत्या. गोलच्या बांबूंमध्ये त्याच्याच कालच्या विटा मांडलेल्या, पहिल्या चार सोडल्या तर बऱ्या. एकेक जण येऊन बसू लागला. तो सरळ चालत वाळू टाकत होता आणि सगळे ते पाहून न पाहिल्यासारखं करत होते. म्हातारी थापणारी मात्र म्हणाली, "तेल लागू पडलं वाटतं." आता हसावं की लाजावं, हेही त्याला कळलं नाही. डावखुऱ्याची जागा रिकामी होती.

ऊन चढायला लागलं तेव्हा पायवाटेने डावखुरा आला. काखेत साचा. कुणाकडे न बघता आपल्या जागेवर गेला आणि साचा खाली ठेवला. पालथा नाही. सुलटाही नाही. एका कडेवर उभा केला आणि शेजारी बसला.

सगळे चक्रावले. चिखल आणणारा घमेलं घेऊन मध्येच थबकला. याच्या पुढ्यात टाकायचा की पुढच्याला द्यायचा?

दादा खड्ड्यातून वर आला आणि स्टॉपरपाशी येऊन कुजबुजला, "हे काय?"

"मला काय माहीत?"

"तुला नाही तर कुणाला माहीत? काल तूच गेला होतास ना?"

"खरंच माहीत नाही, दादा."

दादाने साच्याकडे पाहिलं. वडिलांच्या वेळेपासून साच्याच्या दोनच तऱ्हा त्याला ठाऊक होत्या. त्याने फावडं जमिनीत रोवलं, पायांचा चिखल झटकला आणि रांगांमधून जाऊन डावखुऱ्याच्या समोर उकिडवा बसला.

"विचारू का?"

"विचारा, दादा," डावखुरा म्हणाला.

दादाने तोंड उघडलं. काय विचारायचं हे त्याने ठरवलंच नव्हतं. सगळी भट्टी हात थांबवून त्याच्याकडे बघत होती. त्याने डोकं खाजवलं, उभ्या साच्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं.

"पाणी हवंय का तुला?" शेवटी तो म्हणाला.

डावखुऱ्याने जरा विचार केला. "हवंय," म्हणाला.

दादा उठला. टाकीकडे दोन पावलं गेला, आणि मग काहीतरी राहून गेल्यासारखा थांबला. वळला. स्टॉपर चाळण हातात धरून दोन्ही पायांवर सरळ उभा होता.

"आणि तुला?" दादाने विचारलं.

तीन वर्षांत पहिल्यांदा. सवयीने स्टॉपरचा एक हात गुडघ्याकडे निघाला आणि परत चाळणीवर आला.

"मलाही," तो म्हणाला.